नानांच्या मुठी

आमचे सासरे रतिलाल नाना मतं मोजतात ती गव्हाच्या मुठींनी. मी लग्न होऊन धुळ्याहून साक्रीकडच्या या गावात आले, तेव्हा मला वाटलं, गंमत करतायत. पण नाना गंमत करत नाहीत, ती त्यांच्या हातून होते.

श्रावणात कानबाई देवीच्या सणाला घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचे, ते दळून गोड रोट करायचे, अशी आमच्याकडची रीत. रोट खायचा तो फक्त भाऊबंदांनी. कुळाबाहेर कण द्यायचा नाही, आणि राखी पुनवेच्या आत पीठ संपलंच पाहिजे. पुरुषांनी मोजायचं, बायकांनी राबायचं. सगळ्यात जास्त राबते नानांची थोरली बहीण धुरपदाबाई. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. नवरा गेल्यावर वीस वर्षांपूर्वी त्या माहेरी परत आल्या. तेव्हापासून रोट भाजतात त्या, पण चाखत नाहीत, कारण लग्न झालेली लेक दुसऱ्या कुळाची. मला याचा दर वर्षी संताप येतो. सासूबाई म्हणतात, तू अजून नवीन आहेस.

यंदा आमच्या वॉर्डात ग्रामपंचायतीची पोटनिवडणूक लागली, ती नेमकी सणाच्या आठवड्यात. रविवारी कानबाई, बुधवारी मतदान, गुरुवारी निकाल, शनिवारी राखी. नाना उभे राहणार हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. फॉर्म भरून ते ओट्यावर चहा पीत बसले, तेव्हा अक्का म्हणाल्या, "नाना, मी बी फॉर्म भरा." सकाळीच त्या तो भरून आल्या होत्या.

नानांना ठसका लागला. "अक्का, तू ते आमना पीठमा बी नही!"

अक्कांनी चहाचे कप उचलले. मागच्या दारी भांडी घासताना मला म्हणाल्या, "दिपमाला, या घरमा मनी मोजनी कधी व्हयनीच नही. एकदाव व्हवाले जोयजे." मोजणीत एकदा तरी आपणही यावं, एवढंच त्यांना हवं होतं. माझ्या हातातली कढई तशीच राहिली.

शनिवारी नाना गव्हाचं पोतं घेऊन बसले. माझ्या नवऱ्याची, भूषणची मूठ पडली. सुरतेला कामाला असलेल्या पुतण्यांच्या पडल्या. पाळण्यातल्या तेजसचीही पडली. मग नानांनी नथ्थू टेलरच्या नावानं हात घातला, तेव्हा सासूबाईंनी तो धरला. "तो आपला कुळना नही!"

"जो मत दी तो भाऊबंद," नाना म्हणाले. त्यामागून किराणावाला, पंक्चरवाला, गिरणीवाला असे सगळे आमचे भाऊबंद झाले. निकालाच्या दिवशी त्यांना जेवायला बोलवायचंही ठरलं. टोपलं शिगोशीग भरलं आणि नाना निवडून आल्यासारखे झोपाळ्यावर जाऊन बसले.

रविवारी जुन्या-नव्या भाऊबंदांच्या सगळ्या बायका आमच्या स्वयंपाकघरात होत्या. अक्कांनी ना पत्रक वाटलं ना भाषण केलं. पोळी लाटता लाटता त्या प्रत्येकीला एवढंच विचारायच्या, "बाय, या टोपलामा तुनी मूठ कोनती शे?" नथ्थू टेलरची बायको मंदाबाई आधी हसली, मग हसायची थांबली. तेवढ्यात नाना डोकावले. आपल्या घरात एवढ्या बायका राबताना पाहून त्यांना भरून आलं. मला म्हणाले, सगळ्यांना चहा दे, आल्याचा. नानांच्या खर्चानं, नानांच्या चुलीशी, अक्कांचा प्रचार आल्याच्या चहावर पार पडला.

सोमवारी गुलाल उधळत कानबाई नदीवर नेली. संध्याकाळी सुरतेचे पुतणे रजा संपली म्हणून गाडीत बसले. नानांनी स्वतः त्यांना सोडून दिलं, हात हलवला. मतदान दोन दिवसांवर होतं, पण मुठी टोपल्यात असल्यामुळे नाना निश्चिंत होते.

गुरुवारी साक्रीला मोजणी झाली. अक्का एकोणीस मतांनी निवडून आल्या. नानांनी पुन्हा मोजायला लावलं, तरी एकोणीसच. घरी येऊन ते टोपल्यासमोर बसले. "कोनी मूठ खोटी निंघनी?"

"खोटी एकही नव्हती, नाना," मी म्हणाले. "बायकांची टाकलीच नव्हती."

सासूबाई एकदम डाळ निवडायला लागल्या. डाळ सकाळीच निवडून झाली होती.

आता प्रश्न पिठाचा. नाना जाब विचारतील म्हणून नथ्थू टेलर आणि मंडळी जेवायला फिरकलीच नाहीत. पुतणे सुरतेला. तेजसला दात नाहीत. शुक्रवार उजाडला तरी पिठाचं टोपलं अर्धं भरलेलं. नाना, भूषण, सासूबाई आणि मी, सकाळी रोट, दुपारी रोट. भूषणनं पोट धरून अंथरूण गाठलं. पुनव उद्यावर आलेली, सासूबाई काही ऐकेनात. "पुनव सकाय शे. संपाडा."

संध्याकाळी नाना ताट घेऊन अक्कांच्या खोलीकडे निघाले. मी तुपाची वाटी घेऊन मागे गेले. तूप कोणी मागितलं नव्हतं.

"अक्का, तू घरनीच शेस. ले, खाय."

अक्कांनी ताटाकडे पाहिलं. मला वाटलं, आता घेतील. माझेच डोळे भरून आले.

"मोजताना मनी मूठ लिधी व्हती का, नाना?"

"नही."

"मंग हाई तुमनं शे." त्यांनी ताट मागे सारलं.

नानांनी ताट उचललं. मग वळले, घरात आले, पोत्यात हात घातला आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हाई धुरपदानी!" सव्वा मूठ. जातं त्यांनी स्वतः ओढलं, वाकडंतिकडं. रोट मी भाजला. अक्का उंबरठ्याच्या आत येऊन बसल्या, घास तोंडात घेतला आणि किती तरी वेळ चावत राहिल्या.

"आजून तसंच गोड शे," त्या म्हणाल्या.

नानांनी डोळे पुसले आणि उठायला लागले. तेवढ्यात सासूबाईंनी सूप खाली ठेवलं.

"आनी मनी मूठ?"

नानांनी उद्यापर्यंत संपवायच्या टोपल्याकडे पाहिलं. मग सासूबाईंच्या मागे ताट घेऊन उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. आणि पोत्याचं तोंड पुन्हा उघडलं.