बॉयलरच्या मते वसंत

रुचाचा फोन स्पीकरवर होता, त्यामुळे तिचं म्हणणं अख्ख्या स्वयंपाकघरानं ऐकलं. "आई, सॉरी, पण घरात सिक्स्टी-वन? त्याला नुसत्या झबल्यात पाटावर बसवणार तुम्ही? शनिवारपर्यंत सत्तर झालं नाही, तर वेदचं बोरन्हाण आम्ही इथे शिकागोतच उरकू."

नीलांबरीकाकूंनी फोन ठेवला आणि अंगावरची शाल घट्ट ओढली. एकसष्ट फॅरनहाइट म्हणजे भारतातले जेमतेम सोळा अंश. नातवाचं पहिलं बोरन्हाण. हलव्याचे दागिने त्यांनी स्वतः ओवले होते, ॲन आर्बरमधल्या ओळखीच्या सगळ्या घरांना आमंत्रणं गेली होती, बोरांच्या जागी ब्लूबेरी चालतात हा वादही मैत्रिणींशी घालून जिंकला होता. आणि आता घर गरम करणारा बॉयलर आडवा आला होता.

वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी इला चहाचा कप दोन्ही हातांत धरून हे ऐकत होती. मूळची नागपूरची, इथल्या विद्यापीठातून नुकतीच मेकॅनिकलची मास्टर्स झालेली. "काकू, मी बघू का?"

"बघा बाई. डिग्री वाया जायला नको," यतीनकाका म्हणाले. "मेकॅनिक बघून गेलाय. ऑल गुड म्हणाला. जुनं घर आहे, फटींतून थंडी येत असेल म्हणे."

"पण नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगपर्यंत तर छान गरम होतं!" इला म्हणाली.

"तेच मी त्याला म्हटलं. त्यानं खांदे उडवले."

बॉयलर बेसमेंटच्या भिंतीवर टांगलेला होता, सप्टेंबरात बसवलेला, कोरा. जुन्या बॉयलरला पेटणं आणि विझणं एवढंच ठाऊक होतं. हा मात्र बाहेर किती थंडी आहे ते बघून ज्योत कमीजास्त करायचा. कडाका असेल तर रेडिएटरला कडकडीत पाणी, हवा बरी असेल तर कोमट. इलाला हे फार आवडलं होतं. पहिल्या दिवशीच तिनं त्याचं मॅन्युअल हौसेनं वाचून काढलं होतं.

तिनं पडद्यावरची माहिती उघडली. ज्योत अगदी मंद. पाणी कोमट. बाहेरचं तापमान अठ्ठावन्न. बेसमेंटच्या छोट्या खिडकीला अर्ध्यापर्यंत बर्फ लागला होता.

"काका, या बॉयलरच्या मते बाहेर वसंत आलाय."

"अगं, मेकॅनिक आला तेव्हा बाहेरचं तापमान बरोबर दाखवत होता. मी स्वतः पाहिलं. आता वायर गेली असणार, यार."

इलालाही आधी तेच वाटलं. तिनं बॉयलरचा स्विच बंद केला, सेन्सरच्या दोन बारीक वायरी सोडवल्या, मल्टिमीटर लावला आणि आकडा बघून तिथेच पायरीवर बसली. या सेन्सरचा विजेला होणारा रोध थंडीत वाढतो. वायर तुटली असती, तर बॉयलरला बाहेर सैबेरिया आहे असं वाटलं असतं. दोन वायरी एकमेकींना चिकटल्या असत्या, तर भट्टी पेटली आहे असं. दोन्ही वेळा त्यानं पडद्यावर बोंब मारली असती. शांतपणे अठ्ठावन्न सांगणारी वायर तुटलेलीही नव्हती आणि चिकटलेलीही नव्हती.

सेन्सर खरं बोलत होता. मग तो होता कुठे?

इला वायरीच्या मागे निघाली. वायर छताच्या कडेनं गेली आणि मागच्या भिंतीत शिरली. इला जिना चढली, मागचं दार उघडलं, आणि तिच्या चष्म्यावर वाफ धरली.

पोर्चमध्ये काकू तीळ भाजत होत्या. कोटांना फोडणीचा वास लागतो म्हणून हिवाळ्यात तळण-भाजण सगळं इथेच चालायचं. डिसेंबरात काकांनी चारी बाजूंना पारदर्शक पत्रे बसवून दिले होते, कोपऱ्यात छोटा हीटर ठेवला होता. घर गारठल्यापासून काकूंचा मुक्कामच तिथे हलला होता. आणि विजेच्या शेगडीच्या वर, घराच्या भिंतीवर, एक पांढरी डबी होती.

"काकू, मेकॅनिक आला तेव्हा हे सगळं असंच होतं?"

"छे! परका माणूस घरात येणार, आणि हिंगाचा वास? सकाळीच हीटर बंद केला, शेगडी उचलली, दोन पत्रे काढून हवा खेळती ठेवली. अगदी लख्ख केलं होतं."

इला हसत सुटली. डबीकडे बोट दाखवून म्हणाली, "हा सेन्सर, काकू. बसवला तेव्हा पोर्च उघडा होता. आता बॉयलर तुमच्या हीटरला आणि शेगडीला बाहेरची हवा समजतोय. घर गार पडलं की तुम्ही इथे येऊन बसता, त्याला वाटतं ऊन पडलंय, आणि तो ज्योत आणखी कमी करतो."

काकूंचा हात थांबला. "म्हणजे माझ्यामुळेच?" त्या पुटपुटल्या. "हलवते मग मी शेगडी."

"शेगडी मुळीच हलायची नाही," इला म्हणाली. "सेन्सर हलेल."

हार्डवेअरच्या दुकानातून दोन तारांची लांब वायर आली. काकांनी बाहेर बर्फात शिडी धरली. "पडलीस तर नागपूरला काय सांगू?" असं ते सारखं विचारत होते. पोर्चच्या पलीकडे, घराच्या त्याच, उत्तरेकडच्या भिंतीवर, वळचणीखाली सावलीत इलानं डबी बसवली, सांधे घट्ट केले, बोटं बधिर झाली तरी प्रत्येक वायर ओढून पाहिली. मग तिघंही बेसमेंटमध्ये धावले.

स्विच. पडदा उजळला. पन्नास. चौतीस. एकवीस. नऊ.

बॉयलरनं एक खोल श्वास घेतल्यासारखा आवाज केला आणि ज्योत चढू लागली. काकांनी पाइपाला हात लावला आणि "आई गं!" करून झटकला. भाजलेलं बोट नाचवत ते ओरडले, "ऐकलं का! पेटला!"

शनिवारी घर एकाहत्तरला होतं. कोटांचा ढीग पलंगावर, बायका नुसत्या रेशमी साड्यांत, आणि काळ्या झबल्यातला वेद, हलव्याचा मुकुट डोळ्यांवर घसरलेला असताना, डोक्यावरून ओतलेल्या ब्लूबेरी आणि चुरमुरे दोन्ही मुठींनी गोळा करत होता. रुचाच्या कपाळावर घाम होता.

"आई, जरा खिडकी उघडू?"

"खबरदार!" काकू म्हणाल्या. मग त्यांनी इलाचा दंड धरला आणि हिंगाच्या घमघमाटात पोर्चचं दार सताड उघडलं. "या गं सगळ्या. आमच्या इंजिनीअरनं काय केलंय ते दाखवते. आणि हे माझं दुसरं स्वयंपाकघर. पुढच्या वर्षी मेकॅनिक आला ना, की त्याला इथेच बसवून भजी खायला घालणार आहे."