रेषेवरचा चेंडू

कंपनीचे फलक बघून थिया व्हॅन रायपर कोर्टाच्या दारातच थांबली आणि म्हणाली, "काय गं लॉर्ना, तारांना थंडी वाजत होती का? अस्तर लावलंय ते!"

लॉर्ना हॅसब्रुकला हसू आलं नाही. कोर्टाच्या चारही बाजूंना पुरुषभर उंचीहूनही वर जाणारी तारेची जाळी, आणि कोर्टाच्या दोन्ही टोकांना, जाळीच्या बाहेरून, करकचून ताणून बांधलेले निळे फलक. त्यांवर पांढऱ्या अक्षरांत थंडीचे कोट बनवणाऱ्या कंपनीचं नाव. लॉर्नाने खिशातून चेंडू काढून जाळीवर फेकला. एरवी तारांवर आदळून झोकात परत येणारा चेंडू फलकाला टेकला, खाली घरंगळला आणि पडून राहिला.

"मेला," थिया म्हणाली.

आता हा खेळ ज्यांनी कधी पाहिला नाही त्यांना वाटेल, एवढं काय त्यात? अहो, त्यातच सगळं आहे. भर हिवाळ्यात, खांबांवर उचललेल्या कोर्टावर, खाली शेगड्या पेटवून बर्फ वितळवत चौघांनी पॅडल, म्हणजे आखूड दांड्याची फळी, घेऊन खेळायचा हा खेळ. इथे टप्पा घेतलेला चेंडू जाळीवर आदळला तरी संपत नाही. तो परत येईपर्यंत थांबायचं, वळायचं, आणि शांतपणे उंच उडवून द्यायचा. समोरची तरणीताठी माणसं दणके घालून घालून दमतात, चिडतात आणि चुकतात. थिया चौसष्टची, लॉर्ना साठी ओलांडलेली, आणि त्या दोघी अजून कुणाकुणाला पाणी पाजत होत्या ते या तारांच्या जिवावर. त्याच तारांचा गळा आवळला होता, आणि आवळणाऱ्याला घरी बोलावून आणलं होतं खुद्द लॉर्नाने. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तिची हौस जुनी. न्यू जर्सीतल्या या गावातली जानेवारीची स्पर्धा तिने वर्षानुवर्षं एकहाती चालवली. फोन तिने करायचे, फावड्याने बर्फ तिने ओढायचा, भांडणं तिने सोडवायची. आणि कुणाच्या लग्नात कुणी विचारलं, "काय खेळता तुम्ही?" तर समजावून सांगेपर्यंत केक संपायचा, तरी ऐकणारा म्हणायचा, "म्हणजे टेनिसच ना?" तिला त्याचा संताप यायचा. हा खेळ लोकांनी बघावा, टीव्हीवर यावा, पोरींनी वेड्यासारखं खेळावं, असं तिला मनापासून वाटायचं. म्हणून उन्हाळ्यात कंपनीचा टॉड केसलर आला तेव्हा तिने त्याला अंगणात बसवून लिंबाचं सरबत पाजलं आणि सगळ्याला हो म्हटलं. फलक? लावा की, जाळीच्या बाहेरून लावा. कागदबिगद काही केला नाही. या खेळात पंचसुद्धा नसतो. आपल्या बाजूचा चेंडू आत की बाहेर ते आपणच सांगायचं आणि समोरच्याने निमूट मानायचं. असल्या माणसांना करारमदार कुठून सुचणार? हातात हात दिला की झालं.

ओसरी मिळाल्यावर कंपनीने पाय पसरले. कोर्टांशेजारच्या लाकडी खोपटात पहिल्याच फेरीत हरलेल्या जोडीने सगळ्यांना सूप वाढायचं, हा इथला रिवाज. बँकेचा साहेब असो की दात काढणारा डॉक्टर, हरला की ॲप्रन चढवून पळी हातात. त्या रिवाजाच्या जागी भाड्याचा तंबू आला आणि पांढऱ्या टोप्यांचे आचारी आले. ते एकवेळ चाललं असतं. पण स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात टॉडने फोनवर सहज सांगितलं, की पुढच्या वर्षी आमंत्रणं कंपनी देणार. यंदा उपांत्य फेरी गाठतील त्या जोड्या आपोआप घेऊ, बाकीचे नावाजलेले खेळाडू बाहेरून आणू.

"आणि आम्ही?" लॉर्नाने विचारलं.

"तुम्ही जिंका ना," टॉड हसून म्हणाला.

म्हणजे उपांत्यपूर्व सामना हरली तर लॉर्ना स्वतःच्याच स्पर्धेतून बाहेर. रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा नव्हता. थियाला सांगितलं तर ती म्हणाली, "मी तेव्हाच म्हटलं होतं. जाऊ दे, बाहेर बसून सूप पिऊ." लॉर्नाला ते झोंबलं. थियाला खेळ हवा होता. स्पर्धा कुणाच्या नावावर आहे याचं तिला सोयरसुतक नव्हतं. लॉर्नाचं तसं नव्हतं. तिने पोटच्या पोरासारखी वाढवली होती ती स्पर्धा.

आता, सामन्याच्या सकाळी, फलकांवरून तिने टॉडला तंबूत गाठलं. तो कोटात गुरफटून तिथूनच उंटावरून शेळ्या हाकत होता.

"अरे, ते तारांना चिकटलेत! चेंडू परत येत नाही."

"तुम्हीच बाहेरून म्हणालात ना? बाहेरूनच आहेत. नुसत्या तारा कॅमेऱ्यात कोंबड्यांच्या खुराड्यासारख्या दिसतात हो, लॉर्ना. आणि फलक दोन्ही बाजूंना आहेत. अन्याय कुणावरच नाही."

खरंच होतं ते. फक्त या उपांत्यपूर्व सामन्यात समोर असणाऱ्या दोघी तिशीच्या होत्या आणि त्यांना तारांची गरजच नव्हती.

सामना सुरू झाला. पहिला सेट त्या पोरींनी घेतला. दुसरा या दोघींनी कसाबसा ओढला, नेटपाशी घुसून, छातीचा भाता करून. तिसऱ्यात लॉर्ना सवयीने वळायची, चेंडूची वाट बघायची, आणि तो तिच्या मागे फलकाखाली निपचित पडलेला असायचा. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. प्रत्येक वेळी तंबूतून टाळ्या. तिच्या तळपायाची आग मस्तकात जात होती. हे माझे गुण आहेत, ती मनात म्हणत होती, माझ्या घरात शिरून माझेच गुण चोरताय.

समोरच्यांना जिंकायला एक गुण उरला. उंच मुलीने चेंडू तिरका मारला, लॉर्नाच्या कडेच्या रेषेकडे. तो पांढऱ्या रंगावर पडला. लॉर्नाने तो रंगावर पडताना स्वच्छ पाहिला.

"बाहेर!" ती ओरडली आणि बोट वर केलं.

समोरच्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि मान डोलावली. रिवाजच तो. उंच मुलगी मुकाट्याने पुन्हा आपल्या जागेकडे निघाली.

"आत होता," थिया म्हणाली.

"थिया, माझ्या बाजूला होता तो!"

"आत होता गं. मी पाहिला." आणि ती नेटपाशी जाऊन समोरच्यांना हात देऊ लागली. एकाच जोडीतल्या दोघींचं जमलं नाही, तर गुण समोरच्यांचा. सामना संपला होता.

खोपटात दोघीच होत्या. बाकी सगळे तंबूत गेले होते. थिया बुटांच्या नाड्या सोडत होती.

"एका गुणाचा प्रश्न होता," लॉर्ना म्हणाली. "त्या फलकांनी आपले किती खाल्ले, ते नाही दिसलं तुला?"

"दिसलं की. ते फलकांनी खाल्ले. हा तू खात होतीस."

"सगळ्यांसमोर तोंडघशी पाडलंस मला!"

थियाने बूट पिशवीत टाकले आणि निघून गेली.

नंतरची गंमत ऐका. गंमत कसली, थट्टाच ती नशिबाने केलेली. टॉडच्या कॅमेऱ्याने तो सगळा प्रकार टिपला होता. आपल्याच जोडीदारिणीविरुद्ध खरं बोलणारी म्हातारी! कंपनीने ती चित्रफीत इंटरनेटवर टाकली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली. लॉर्नाला हवं होतं तेच झालं. खेळ घरोघरी पोचला. फेब्रुवारीत टॉडचा फोन आला. पुढच्या वर्षी तुम्हा दोघींना खास आमंत्रण, लोकांना तुम्ही हव्या आहात.

लॉर्ना तशीच थियाच्या घरी धावली. थिया ओट्याशी सफरचंदं चिरत होती. लॉर्नाने एका दमात सगळं सांगितलं.

"मलाही आला होता फोन," थिया म्हणाली. "नाही म्हणून सांगितलं."

"अगं पण का? चुकलं माझं, म्हणते ना मी! एवढ्या वर्षांत एकदा चुकलं."

"माहितेय. म्हणून रागही नाही गं फारसा." थियाने सुरी खाली ठेवली. "पण खेळताना मी समोर बघते ना, तेव्हा माझ्या बाजूला तू आहेस हे मला बघावं लागत नाही. आता लागेल. या वयात दोन्हीकडे मान वळवायला नाही जमत मला."

लॉर्ना बराच वेळ उभी राहिली. बस म्हणेल, कॉफी विचारेल, असं तिला वाटत होतं. थियाने सफरचंदाच्या फोडींवर साखर भुरभुरवली आणि तव्यावर लोणी टाकलं. लॉर्ना घरी आली, हमसून हमसून रडली, आणि दुसऱ्या दिवशी तिने कंपनीला आपला एकटीचा होकार कळवला.

पुढच्या जानेवारीत कंपनीने तिला जोडीदार दिली. कोरा नावाची, गुणी, चपळ पोर. लोक खूप आले होते. लहान मुलीसुद्धा होत्या, हातात पॅडल घेऊन. फलक या खेपेला जाळीपासून हातभर लांब बांधले होते आणि चेंडू तारांवरून पूर्वीसारखा परत येत होता. दुसऱ्याच गेममध्ये समोरून एक चेंडू लॉर्नाच्या कडेला आला आणि रेषेच्या चांगला वीतभर बाहेर पडला.

"बाहेर," लॉर्ना म्हणाली.

समोरच्या दोघी जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी कोराकडे पाहिलं. कोरा लालबुंद झाली, तिने लॉर्नाची नजर चुकवली आणि हळूच म्हणाली, "हो, बाहेरच होता."

मगच समोरच्या दोघी पुढच्या गुणासाठी आपल्या जागेवर गेल्या.