तानीच्या खोपटात बसलेल्या सुगंधाबाई

दवाखान्यात न्यायला टेंपो केव्हाचा उभा होता, पण तानी पोरीला मांडीवर घेऊन खोपटाच्या तोंडाशी बसून होती. उठायचं नाव घेत नव्हती.

बोईसर स्टेशनच्या मागे मोकळ्या जागेवर बांबू-प्लास्टिकची वीसेक खोपटं होती. डोंगरपट्ट्यातून बांधकामावर आलेली माणसं तिथं राहत. सत्त्याऐंशीच्या त्या मे महिन्यात डबक्याचं पाणी पिऊन तिथं जुलाबाची साथ आली होती. मुरब्याच्या शिक्षिका सुगंधाबाई आणि त्यांची मैत्रीण नलू शाळेला सुट्टी लागल्यापासून रोज यायच्या. मीठ-साखरेचं पाणी पाजायच्या, कुणाचं जास्त झालं तर पालघरला दवाखान्यात पोचवायच्या.

तानीच्या सहा वर्षांच्या भागीचे डोळे खोल गेले होते. हाक मारली तरी ओ देत नव्हती.

"तानी, उशीर करू नकोस," सुगंधाबाई म्हणाल्या.

"नाय यायची. मागं तुमच्याच सांगन्यावरून नवऱ्याला दवाखान्यात नेला. परत आलो तवा खोपट नव्हतं. दाणे मातीत, रेशनकार्ड गेलं. आज मुकादम पुन्ना बोलून गेलाय, जागा खाली करा."

खोटं काहीच नव्हतं त्यात. नवरा वाचला होता, आता कामावर गेला होता, पण कार्ड अजून मिळालं नव्हतं. सुगंधाबाईंनी भागीच्या कपाळाला हात लावला. थंडगार.

"मी बसते इथं. तू येईपर्यंत हलणार नाही."

तानीनं त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मग पोरीला उचललं आणि नलूबरोबर टेंपोत चढली.

दुपारी मुकादम आला. बरोबर पहारी घेतलेले चौघे.

"बाई, उठा. तुमचं काय काम इथं?"

"तानीची मुलगी दवाखान्यात आहे. ती आल्याशिवाय उठणार नाही."

"शाळेत नोकरी आहे ना तुमची? तक्रार जाईल."

सुगंधाबाईंना नोकरीत कायम होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं.

"लिहून घ्या. सुगंधा मेहेर, मुरबे."

ती तक्रार पुढं खरंच आली, आणि खुलासा लिहिताना त्यांची झोप उडाली. पण ते नंतरचं. त्या क्षणी मुकादमानं नुसती मान हलवली. एकानं दोरी कापली आणि तापलेलं प्लास्टिक बाईंच्या डोक्यावर कोसळलं. गुदमरत त्यांनी ते बाजूला सारलं. दाण्यांचं गाठोडं मांडीवर ओढलं, पत्र्याची पेटी पायाशी घेतली आणि भर उन्हात तशाच बसून राहिल्या. आजूबाजूची खोपटं एकामागून एक आडवी झाली. बायका ओरडत होत्या, शिव्या देत होत्या. बाईंजवळच्या तानीच्या सामानाला मात्र कुणी हात लावला नाही.

चारच्या सुमाराला, नलूला भागीजवळ ठेवून, तानी कपडे न्यायला आली. लांबूनच तिला मोडलेले बांबू दिसले असणार.

"खोपट राखता आलं नाही गं," बाई म्हणाल्या. घसा पार सुकला होता. "भागी?"

"सलाइन लावलीय. पानी मागितलंन." तानी मटकन त्यांच्यासमोर बसली. पहिल्यांदाच तिला रडू फुटलं. बाईंनी गाठोडं तिच्या मांडीवर ठेवलं. उठायला गेल्या, तर पाय पार बधिर झालेले.

तानीनं डोळे पुसले आणि त्यांच्यापुढं हात केला.