मठातले तांब्याचे बगुणे

मी एक जुने तांब्याचे बगुणे आहे. मुक्काम नेकनूरचा मठ. माझ्या पोटात दोनशे माणसांची आमटी मावते. मित्रांनो, ही बढाई नाही. मला उचलणाऱ्या चौघांना विचारा.

मला कोणी घडवले ते आता कोणालाच आठवत नाही. नियम मात्र सगळ्यांना पाठ होता. लग्न असो, बारसे असो, मला कोणीही न्यावे, भाडे नाही. परत आणताना तेवढी आतून कल्हई करून आणायची. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ करडा थर. तो नसला की आंबट अन्न तांब्यात कळकते आणि खाणाऱ्याचे पोट बिघडते. नेणारा कल्हई करी ती पुढच्या घरासाठी.

मग थर्माकोलच्या पत्रावळ्या आल्या, अॅल्युमिनियमची हलकी पातेली आली. मठाशेजारी गावातल्याच संगमेश्वर नावाच्या पोराने त्यांचे दुकान टाकले आणि पाटी लावली, ‘टिकाऊ व स्वस्त’. सात वर्षे मी कोपऱ्यात पडून होते. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

अठ्ठ्याण्णव साली संगमेश्वरच्या बहिणीचे, रोहिणीचे लग्न निघाले. त्यांची आई शिवम्मा हट्टाला पेटली, आमटी बगुण्यातच शिजणार. पोरगा कामाला वाघ. विटकरीच्या भुकटीने त्याने मला आतबाहेर घासले, लालबुंद केले.

“आई, बघ, आरशावानी केलंय!”

चिंचेची आमटी उकळली. शिवम्माने चव घेतली आणि थुंकली.

“कळकली की रं! कल्हई कुठं हाय?”

“ती कल्हई व्हती? मी मळ समजून काढली.”

वऱ्हाड दारात उभे आणि आमटी खड्ड्यात. पंगत दोन तास खोळंबली. पाहुणे म्हणाले, असले भांडे भंगारात घाला. चूक त्याची, बदनामी माझी! मला फार राग आला.

दुसऱ्या दिवशी पाठवणीच्या वेळी भंगारवाला मला न्यायला दारात आला. हिरवा चुडा भरलेली रोहिणी मध्येच उभी राहिली.

“माझ्या लग्नात नेलंय ना ह्याला? मग कल्हई करून मठात ठिवल्याबिगर मी जाणार न्हाई.”

गावात कल्हईवाला उरला नव्हता. पाटोद्याहून म्हाताऱ्या महेबूबचाचांना जीपने आणले. भाता संगमेश्वरने मारला, घामाने निथळेपर्यंत. संध्याकाळी मी मठात आले, तेव्हा कुठे रोहिणी सासरी गेली.

त्या दिवशीची आमटी मातीत जिरली. त्या पंगतीच्या थर्माकोलच्या पत्रावळ्या अजून मठामागे आहेत, एकदाच वापरलेल्या. दुकानाची पाटी खोटी नव्हती, टिकल्या खऱ्या. संगमेश्वरने पाटी काढली आहे. चाचांचा हात कापू लागला, म्हणून तो त्यांच्याकडे कल्हई शिकला. त्याचा पहिला थर ओबडधोबड बसला. मला चालला.

मित्रांनो, मला न्यायला कोणी अडवणार नाही. परत आणाल तेव्हा एकदा आत डोकावून बघा. पुढचे लग्न कोणाच्या तरी घरी असतेच.