एमेटच्या हुकलेल्या भूमिका मीच केल्या

मी शिवणखात्यातला एक कापडी पुतळा बोलतोय. मला डोकं नाही, हात नाहीत. पण छाती आहे, आणि ती एमेट रस्क या नटाची आहे.

हॉलिवूडच्या आमच्या स्टुडिओत करार व्हायच्या आधीच कपडे बेतायला घेत. नट पोहायला गेला तरी काम अडू नये, म्हणून त्याच्या मापाचा पुतळा करून ठेवत. शिवणखात्याच्या ऑटिलीबाईंनी माझ्यात कापूस ठासला, पोटावर थाप मारली आणि म्हणाल्या, "जरा कमी जेवत जा रे, एमेट."

आधी मी चाच्यांचा कप्तान झालो. सोनेरी बटणांचा कोट मला चढला आणि भूमिका दुसऱ्याला गेली. मग रोमन सेनापती झालो. दिग्दर्शकाला एमेटचे गुडघे पसंत पडले नाहीत. "साम्राज्य गुडघ्यांवर चालतं, हे मला कुणी सांगितलंच नाही," म्हणत एमेट हसत सुटला. घोडेस्वाराच्या वेळी तर घोड्यानेच नकार दिला. भूमिका हुकली की एमेट सगळ्या खात्याला डोनट आणायचा. ज्यांना भूमिका मिळत, ते कधी काही आणत नसत.

गेल्या हिवाळ्यात न्यूमोनियाने एमेट गेला.

गेलेल्या नटाचा पुतळा कुणी वाया घालवत नाही. आज मला आणखी कापूस चढवून एका जाड्या नायकाच्या मापाचा करणार होते. तेवढ्यात एमेटचा धाकटा भाऊ लोनी रखवालदाराला ढकलून आत घुसला. त्याने मला घट्ट मिठी मारली.

"दादाला न्यायला आलोय," तो म्हणाला. "डोकं नसलं तरी चालेल."

बाईंनी त्याला घोड्याची गोष्ट सांगितली. रडता रडता पोरगा खो खो हसला.

स्टुडिओचे साहेब आले. मी स्टुडिओची मालमत्ता आहे, असं त्यांनी बजावलं. बाईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "साहेब, याचा डावा खांदा उतरलाय. तुमचा नायक कुबडा दिसेल."

माझे दोन्ही खांदे सरळ होते.

साहेबांनी मला भंगारात काढायला सांगितलं. त्यांची पाठ वळताच बाई लोनीला म्हणाल्या, "बघतोस काय? उचल की भंगार."

आत्ता मी ट्राममध्ये खिडकीला टेकून उभा आहे. अंगावर लोनीचा कोट आहे. शेजारच्या आजींनी विचारलं, हे कोण?

"माझा मोठा भाऊ," लोनी ऐटीत म्हणाला. "सिनेमात असतो."

चला, आमचा थांबा आला. जरा वाट द्या हो, आम्ही दोघं उतरतोय.