उरलेले सात सेकंद

मित्रांनो, मी एक जुना प्रोजेक्टर आहे, आणि माझ्या खडखडाटाला हसणाऱ्यांचा मला अजूनही राग येतो. तो खडखडाट सुरू झाला की वाचनालयाचा अख्खा हॉल चिडीचूप व्हायचा. शनिवारी दुपारी पडदे ओढले की मुलं माझ्या उजेडात हात घालून ससे नाचवायची. "ए, हात खाली!" ऑपरेटरकाका ओरडायचे. काय मजेचे दिवस होते ते!

काका मला पोटच्या पोरासारखं जपायचे. ब्रशने धूळ काढायचे, चाकांना थेंबभर तेल द्यायचे. माझा दिवा मात्र भारी तापट. फिल्म सरकत राहिली तर ठीक, थांबली की जळलीच.

एका शनिवारी दुसऱ्या महायुद्धातल्या ज्यू लोकांच्या छळाचा माहितीपट लागला. छातीवर ज्यू असल्याची खूण म्हणून कापडी चांदणी शिवलेली माणसं बोचकी घेऊन आगगाडीकडे चालली होती. त्यातल्या एका मुलाने वळून पाहिलं, आणि मागच्या रांगेतल्या शिंपीणबाई ताडकन उठल्या. युद्धानंतर युरोपातून एकट्याच इथे आलेल्या, सगळ्या गल्लीचे कपडे शिवणाऱ्या या बाई स्वतःबद्दल कधी चकार शब्द बोलत नसत.

"थांबवा हो! माझा भाऊ आहे तो! त्याचा साधा फोटोसुद्धा नाही माझ्याकडे!"

काका एवढे मुरलेले, पण घाईत त्यांनी मोटार बंद केली आणि दिवा विझवायला विसरले. मुलाच्या गालावर तपकिरी डाग उमटला, पसरला, चेहरा जळून गेला. घाबरून काकांनी मोटार पुन्हा लावली, तर फिल्म माझ्या दातेरी चाकात अडकून हातभर फाटली. मित्रांनो, त्या दिवसाइतकी लाज मला कधीच वाटली नाही.

"बाई, काय करून बसलो हो मी!" काका फाटकी फिल्म हातात घेऊन म्हणाले.

बाई जवळ आल्या. "उरलंय का काही?"

काकांनी फाटका भाग कापून टोकं जोडली. सात सेकंद उरले होते. मुलगा चालतो, मान वळवायला लागतो, बस्स. बाईंनी ते तीनदा पाहिले. "अजून तसाच फेंगडा चालतोय वेडा," म्हणून हसल्या आणि ढसाढसा रडल्या. एकही मूल जागचं हललं नाही.

पुढे दरवर्षी तो माहितीपट लागायचा आणि बाई मुलांना सांगायच्या, "आता बघा हं, आता येईल."

आता बाई नाहीत, काकाही नाहीत. मी जिन्याखाली पडून आहे. शेजारीच त्या फिल्मचा डबा आहे. त्याला आंबूस वास यायला लागलाय, म्हणजे आतली फिल्म सडते आहे. मला खुशाल भंगारात घाला, माझी तक्रार नाही. पण ती फिल्म लवकर नव्या यंत्रावर उतरवून घ्या. त्या पोराचा चेहरा मी जाळला. त्याचं चालणं तरी तुम्ही वाचवा.