कैरीच्या गाडीवर ठेवलेला चाकू

लिगायाचा फोन आला तेव्हा सियोन मिरीच्या वेलाखाली उभी होती. "आई, पाणी गेलंय. लगेच निघ," एवढंच बोलून मुलीने फोन ठेवला. बाळंतपणाला अजून अवकाश होता. जावई जहाजावर, कुठल्या समुद्रात होता देव जाणे. सियोनने हातातली सुतळी तिथेच टाकली, घरी जाऊन चिखलाचे बूट बदलले, शिवून ठेवलेली दुपटी पिशवीत कोंबली आणि लिपाच्या नाक्यावर मनिलाची बस धरली.

बस हमरस्त्याला लागली. घाम पुसायला तिने रुमालासाठी खिशात हात घातला, तर हाताला बालिसाँग लागला.

एरवी त्यात नवल काहीच नव्हतं. मनगटाला झटका दिला की दोन फाकांची मूठ उघडून पातं बाहेर येणारा तो चाकू रोजच तिच्या खिशात असे. वेल छाटायला, दोरी कापायला, कधी फणस फोडायला. बातांगास भागात असा चाकू घरोघरी सापडेल. तिने तो रुमालाबरोबर मांडीवर काढला, तसा शेजारी उकडलेल्या शेंगा खात बसलेला माणूस दचकला.

"मावशी, तो आधी आत ठेवा."

"शेतातनं तशीच आले हो. लक्षातच नाही राहिलं."

"मला सांगून काय उपयोग? माझ्या साडूला असंच धरलं मनिलात. भांडण नाही, तंटा नाही. खिशात होता, बास! कामाला लागतो म्हणालात तर विचारतात, काम कुठे आहे दाखवा."

"मग काय करू?"

"उतरलात की टाकून द्या कुठेतरी," तो म्हणाला, आणि पुढे रिकामी जागा दिसताच उठून तिकडे जाऊन बसला.

सियोनने चाकू खिशात घातला. मग पिशवीत, दुपट्यांच्या तळाशी घातला. बाळाच्या कपड्यांत पातं नको, म्हणून पुन्हा खिशात घातला. मनिला येईपर्यंत हेच चाललं होतं.

शहरात उतरली तर जिथे तिथे दार, आणि दाराशी पिशव्या उघडायला लावणारा माणूस. रेल्वेच्या जिन्याशी रांग होती आणि रांगेच्या टोकाला पोलीस. ती तिथून मागे फिरली आणि जीपनीत, म्हणजे शहरातल्या प्रवासी जीपगाडीत, चढली. कोणी जरा रोखून पाहिलं की तिचा हात आपसूक खिशावर जाई. मग तिला वाटे, हात असा खिशावर ठेवूनच आपण पकडले जाणार. कचऱ्याचा डबा दिसला, पण त्यात एक बाई कोपरापर्यंत हात घालून बाटल्या वेचत होती. तिथे पातं टाकायला तिचं मन होईना.

प्रसूतिगृहाच्या फाटकातही रखवालदार होता. पिशवीत काठी घालून ढवळून पाही, खिसे चाचपी. आतून लिगायाचे निरोपावर निरोप येत होते. फाटकाबाहेर कैऱ्यांची एक हातगाडी होती. कैऱ्यांच्या फोडी, कोळंबीची खारी चटणी, आणि मालकीण मोठ्या तोंडाची.

"ताई, एवढं सांभाळाल का? चाकू आहे. आत नेऊ देणार नाहीत. माझी मुलगी बाळंत होतेय."

"चाकूच ना? माझ्याकडे तीन आहेत, चौथ्याने काय बिघडतंय!" ती हसली. "ठेव तिकडे सुऱ्यांबरोबर. आणि ताई काय म्हणतेस, माझ्यापेक्षा थोरली दिसतेस. तासिंग म्हण. जा, पळ."

सियोन पळाली. खिसा आता हलका होता.

लिगायाच्या कळा दुपारभर चालल्या. खोलीला रस्त्याकडची खिडकी होती. सियोन मुलीची कंबर चोळत होती, एवढ्यात खाली शिट्ट्या वाजल्या. फेरीवाल्यांना उठवायला नगरपालिकेचा ट्रक आला होता. लोक गाड्या घेऊन पळत होते. तासिंगच्या गाडीचं चाक अडकलं. एका पोलिसाने तिच्या सुऱ्या बघून तशाच ठेवल्या. मग त्याने बालिसाँग उचलला. झटका दिला. पातं उन्हात चमकलेलं सियोनला वरूनही दिसलं.

"आई, कुठे बघतेस? इकडे बघ ना!" लिगाया ओरडली.

सियोनने मान वळवली. तिने मुलीचे खांदे धरले, हो हो म्हणाली, जोर लाव म्हणाली; पण कान सगळे खाली. तासिंग तारस्वरात काहीतरी सांगत होती. नंतर ट्रकचं दार आपटलं. नंतर नुसती रहदारी.

संध्याकाळच्या आत मुलगी झाली. लालबुंद, किंचाळणारी. सियोनने तिला पुसलं, दुपट्यात गुंडाळलं, लिगायाच्या कुशीत दिलं आणि सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे तू आता पोलिसांकडे जाणार?" लिगाया उठून बसायला लागली. "वेड लागलंय का तुला? ती इथलीच आहे, तिला सवय असेल. उद्या सुटेल. तुला मात्र आत टाकतील."

"तिला चाकू मी दिला."

"आणि मी? मी एकटी काय करू?"

सियोनने शेजारच्या खाटेवरच्या बाईला हात जोडून लक्ष ठेवायला सांगितलं. लिगायाने भिंतीकडे तोंड केलं होतं. ती तशीच पडून राहिली आणि सियोन निघाली.

चौकीत बाकावर तासिंग बसली होती. केस सुटलेले, ब्लाउजवर चटणीचा डाग.

"आलीस?" ती म्हणाली. "नातू की नात?"

"नात."

"वा! तिचं नाव कोठडी ठेव. दुपारपासून यांना सांगतेय, एका गावाकडच्या बाईने ठेवायला दिला. हसतात मला. आणि तू वर मजेत!"

"मजेत नव्हते गं."

टेबलामागचा हवालदार पिकल्या केसांचा होता. सियोनने सांगितलं, चाकू माझा. त्याने तिच्याकडे निरखून पाहिलं.

"बाई, काय बोलताय कळतंय का? हिच्या सुऱ्यांना मी हात लावला नाही, कैरी चिरायला लागतात. पण असला चाकू कैरीच्या गाडीवर कशाला, म्हणून हिला आणली. आता तुमचा म्हणता, तर मग तो खिशात घालून तुम्ही शहरभर फिरलात."

"हो."

"कशाला?"

"मी मिरीचे वेल छाटते."

"इथे कुठे आहेत वेल?"

"नाहीत. मुलीचं पाणी गेलं म्हणून फोन आला. तशीच निघाले. बसमध्ये कळलं खिशात आहे ते."

हवालदाराने चाकू मिटून खणात टाकला. "हे उद्या सरकारी वकिलांना सांगा. मला मानायचा अधिकार नाही." मग तासिंगकडे वळून म्हणाला, "तुम्ही जा."

तासिंग उठली, दारापर्यंत गेली आणि परत आली. "खोली कुठली तुझ्या मुलीची? पेज नेऊन देते. माझं पोट भरलेलं नाही, पण बाळंतिणीला उपाशी कोण ठेवेल?" सियोनने सांगितलं. "आणि माझी गाडी ट्रकवाल्यांनी नेलीय," तासिंग म्हणाली. "ती सोडवायला तू यायचंस. एकटीने ढकलवत नाही."

सियोनने रात्र चौकीतच काढली; सकाळी सरकारी वकिलाने तिच्या गावच्या प्रमुखाला फोन लावला. मिरीची बाग आहे का, बाई काय करते, मुलगी कधी बाळंत झाली, सगळं विचारलं. शेवटी म्हणाला, तूर्त जा, बोलावलं तर यावं लागेल; चाकू मात्र इथेच राहील. सियोनने मान हलवली. चाकूचं तिला त्या क्षणी काहीच वाटलं नाही.

ती प्रसूतिगृहात गेली तेव्हा खाटेखाली पेजेचं रिकामं भांडं होतं. लिगायाने बाळ तिच्या हातात दिलं, पण बोलली नाही. दुपारी सियोन तासिंगबरोबर गाडी सोडवून आणायला गेली. चाक तिरकं झालं होतं, गाडी सारखी डावीकडे ओढत होती, आणि तासिंग वाटभर शिव्या देत होती, कधी चाकाला, कधी नगरपालिकेला, कधी सियोनला.

बाळ महिन्याचं होईपर्यंत सियोन मनिलातच राहिली. लिगाया तिसऱ्या दिवशी बोलायला लागली, तेही आधी फक्त लंगोटांविषयी. तासिंगने गाडी पलीकडच्या गल्लीत लावली. सियोन तिथे कैरी घ्यायला गेली, की ती गिऱ्हाइकांना मोठ्याने सांगायची, "हीच ती! हिच्यापायी मी चौकी बघून आले." आणि फोडी मात्र मोजून इतरांइतक्याच द्यायची.